कापूर नाचला पाहिजे

घोडेगाव

चि. मृणाल,


तुझं पत्र दोनदा वाचलं. महिनाभर ट्रफमधल्या, म्हणजे उथळ तसराळ्यातल्या, पाण्यावर सेटिल अल्कोहोल पसरतेस आणि रोज वेगळा आकडा येतो, म्हणून रडकुंडीला आलीस. पोरी, आधी कापराचा बारीक कण त्या पाण्यावर टाकून बघ. पाणी स्वच्छ असेल तर तो गरगर नाचतो. तेलकट बोट नुसतं टेकवलं की थबकतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेनं 1890 साली याच नाचावरून तेलाच्या थराची जाडी काढली, सुमारे 1.6 नॅनोमीटर.

एमएस्सीला असताना मी केसांना तेल लावून प्रयोगशाळेत जायची आणि धुतलेलं भांडं हातानंच पुसायची. तीन आठवड्यांची वही वाया गेली. पुस्तकातलं 'अधिशोषण' मला तेव्हा कळलं. तेल काचेला धरून बसतं, आणि ते काढायला वापरलेला साबण नीट विसळला नाही तर तोच पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो. भांडी घासण्यात दिवस गेला तर तो वाया गेला असं समजू नकोस. ॲग्नेस पॉकेल्सला मुलगी म्हणून विद्यापीठात शिकता आलं नाही. ती घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या तसराळ्यात पट्टी सरकवून वर्षानुवर्षं पृष्ठताण मोजत राहिली. 1891 मध्ये तिनं रॅलेला पत्र लिहिलं आणि त्यानं ते 'नेचर'मध्ये छापून आणलं. तुझ्या ट्रफचं मूळ त्या तसराळ्यात आहे.

आता अशा थरानं धरणाचं पाणी वाचवण्याचं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बिस्वास आणि घारपुरे यांनी बाष्पीभवन रोखणाऱ्या अशाच एकरेणू, म्हणजे एकाच रेणूइतक्या जाडीच्या, थरांवर काम केलं होतं, ते शोधून वाच. उभा राहिलेला एक रेणू 0.2 चौरस नॅनोमीटर जागा घेतो. म्हणजे किलोभर सेटिल अल्कोहोल कागदावर 50 हेक्टर पाणी झाकतं! पण डिंभे धरणावर दुपारी वारा सुटला की तोच थर फाटून काठाला गोळा होतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी वाऱ्याचा वेग लिही. न जुळलेले आकडेही खोडू नकोस.

आणखी एक. या जलाशयासाठी जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. बुडितातली आदिवासी माणसं आज त्याच पाण्यात मासे धरतात. बाष्प अडवणारा तुझा थर प्राणवायू किती आत जाऊ देतो, हे ती विचारतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहिल्या दिवसापासून मोज. परीक्षकांनी विचारायची वाट बघू नकोस.

मे महिन्यात दोन दिवस ये. पहाटे काठावर बसू. एका भांड्यात तुझा थर, दुसऱ्यात नुसतं पाणी, दोन्ही तासातासाला तोलू आणि वारा चढेपर्यंत नोंदी घेऊ. तराजू मी शाळेतून मागून ठेवते. भांडी काचेची आण आणि इथे आल्यावर पुन्हा धू. कापूर घरात आहे.

तुझी,
आत्या