परदेशातली ॲप-टॅक्सी आणि प्रवासाची नोंद

ॲपवरून टॅक्सी मागवली की प्रवाशाला दोन गोष्टी मिळतात: गाडी आणि नोंद. गाडी कोणती, चालक कोण, कुठून कुठे, किती वाजता, किती भाड्यात, हे सारे कंपनीकडे लिहिले जाते. आपल्या गावात या नोंदीकडे कुणाचे फारसे लक्ष नसते, कारण तिथे इतर आधार पुष्कळ असतात. रस्ता माहीत असतो, भाषा येते, वाजवी भाड्याचा अंदाज असतो आणि वेळ पडली तर भावाला नाहीतर शेजाऱ्याला फोन लावता येतो. परदेशात उतरताच हे आधार सुटतात आणि नोंद तेवढी उरते. परक्या शहरात ॲप वापरताना जी काळजी घ्यायची, ती बहुतेक सगळी याच एका गोष्टीतून निघते. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत प्रवास नोंदीबाहेर जाऊ द्यायचा नाही.

तो बाहेर कसा जातो, याचा अनुभव प्रस्तुत लेखिकेला बँकॉकमध्ये आला. मुंबईहून रात्री निघालेल्या विमानाने सत्तरी ओलांडलेल्या आईसह ती पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरली. सुखुमवित भागातल्या हॉटेलपर्यंत ॲपवर ४२० बाट भाडे दिसत होते. गाडी नोंदवली. दारापाशी एक माणूस हातात फोन घेऊन उभा होता. त्याने ॲपचे नाव घेतले आणि कुठले हॉटेल, असे विचारले. लेखिकेने आपला फोन त्याच्यापुढे धरला. पडद्यावरचे तिचे नाव आणि हॉटेल त्याने मोठ्याने वाचले, आणि तेवढ्याने ओळख पटल्यासारखे वाटले. गाडीचा नंबर वेगळा निघाला, तेव्हा पहिली गाडी बिघडली म्हणून कंपनीने ही पाठवली, असे त्याने सांगितले. आधीचे बुकिंग रद्द करा, हेही त्यानेच सांगितले. आई दमली होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या. बुकिंग रद्द केले गेले. हॉटेलच्या दारात त्याने १,५०० बाट मागितले आणि पैसे हातात पडेपर्यंत डिकी उघडली नाही. खऱ्या चालकाचा ‘पाच मिनिटांत पोचतो’ हा निरोप फोनमध्ये न वाचलेलाच राहिला होता. नंतर कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा उत्तर आले की नोंदीप्रमाणे असा प्रवास झालेलाच नाही, एक रद्द केलेले बुकिंग तेवढे दिसते. ते उत्तर चुकीचे नव्हते.

या प्रसंगातली पहिली चूक वेगळा नंबर चालवून घेण्याच्याही आधी झाली होती. प्रवाशाचे नाव चालकाने सांगायचे असते. प्रवाशाने ते सांगायचे नसते आणि पडदाही दाखवायचा नसतो. ‘कुणाला न्यायला आलात?’ एवढा प्रश्न पुरतो. भारतातल्या सवयीचाही इथे वाटा आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा ओटीपी सांगितल्याशिवाय राइड सुरूच होत नाही, त्यामुळे चुकीच्या गाडीत बसले तरी चूक जागेवर उघडी पडते. अनेक देशांत असा ओटीपी मागितलाच जात नाही. तिथे गाडीचा नंबर हीच मुख्य कसोटी असते. थायलंडच्या नंबरप्लेटवर अक्षरे थाई लिपीत असतात आणि खाली प्रांताचे नावही थाईतच असते. ती वाचता आली नाहीत तरी आकडे, गाडीचा रंग आणि मॉडेल जुळवता येते. यातले एकही जुळत नसेल तर बॅग डिकीत ठेवू नये. सामान एकदा आत गेले की नकार देणे फार अवघड होते.

तयारी मात्र घरूनच सुरू होते. कोणत्या देशात कोणते ॲप चालते हे सतत बदलत असते. उबरने मार्च २०१८ मध्ये आग्नेय आशियातला आपला व्यवसाय ग्रॅब या कंपनीला दिला, त्यामुळे बँकॉक, सिंगापूर किंवा बाली इथे उबर उघडून काही उपयोग होत नाही. चीनमधला उबरचा व्यवसाय त्याआधीच, २०१६ मध्ये, दीदी या कंपनीकडे गेला होता. दुबईत चालणाऱ्या करीमची टॅक्सीसेवा २०२० पासून उबरच्याच मालकीची आहे. व्हिएतनाममधून गोजेक २०२४ मध्ये बाहेर पडले, पण त्याच्या मायदेशी, इंडोनेशियात, ते जोरात आहे. त्याच वर्षी ओलाने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन सोडले. म्हणून तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकाचा सल्ला ताज्या माहितीशी ताडून घ्यावा.

ॲप भारतात असतानाच उतरवून, आपल्या नंबरवर नोंदणी पूर्ण करावी. परदेशात भारतीय सिम काढून ठेवले की पडताळणीचा ओटीपी येत नाही आणि बँकेचाही येत नाही. भारतीय सिम फोनमध्येच ठेवून त्याचा डेटा बंद करायचा आणि डेटापुरते स्थानिक सिम किंवा ई-सिम घ्यायचे, ही सोय सर्वांत निर्धोक. कार्डाचेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवे कार्ड देशांतर्गत व्यवहारांपुरतेच सुरू असते. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार ग्राहकाने बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावे लागतात. हे विमानतळावर आठवले तर उशीर झालेला असतो. एक कार्ड चालले नाही तर दुसरे, आणि दोन्ही चालली नाहीत तर थोडे स्थानिक चलन, एवढी तजवीज असावी.

विमानतळावरचा नकाशा सपाट असतो, इमारत सपाट नसते. सुवर्णभूमीत बाहेर येण्याचा मार्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, सरकारमान्य मीटर टॅक्सीची रांग पहिल्या मजल्यावर आणि निर्गमन चौथ्यावर. नकाशावरची खूण या सगळ्यांसाठी जवळजवळ एकाच जागी दिसते, आणि चालक खाली नि प्रवासी वर असे दोघेही एकमेकांना शोधत राहतात. म्हणून गाडी मागवण्याआधी ॲपमध्ये मजला आणि दाराचा क्रमांक पाहावा, तिथे जाऊन उभे राहावे आणि मगच बुकिंग करावे. विमानातून उतरता उतरता घाईने गाडी मागवू नये. सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा तास सहज जातो. ॲप जमले नाही तर मीटर टॅक्सीची रांग आहेच. तिथल्या यंत्रातून मिळणारी चिठ्ठी हीही एक नोंदच आहे. ती जपून ठेवावी. सामान थोडे असेल आणि पहाट उलटली असेल तर तळघरातून सुटणारी रेल्वे जास्तीत जास्त ४५ बाटांत शहरातल्या फया थाई स्थानकापर्यंत नेते.

शहरात अडचण येते ती उभे राहण्याच्या जागेची. सुखुमवितच्या गल्ल्यांना, तिथल्या शब्दात सोईंना, एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांक आहेत, पण दोन्ही बाजूंचे आकडे समोरासमोर येत नाहीत. सोई ५५ च्या समोर सोई ३८ लागते. मधून स्कायट्रेनचे खांब गेलेले असल्याने चुकीच्या बाजूला मागवलेल्या गाडीला लांब जाऊन वळून यावे लागते, आणि संध्याकाळच्या कोंडीत तेवढ्याने चालक राइड सोडून देतो. पादचारी पुलावरून रस्ता ओलांडून गाडीच्या दिशेच्या बाजूला उभे राहिले की हा प्रश्न सुटतो. थायलंडमध्ये आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक असते, व्हिएतनाममध्ये उजव्या. तिथे तर पहिले दोन दिवस ठरवूनच बाजू पाहावी लागते. चालकाशी बोलणे ॲपमधल्या चॅटवरच करावे. अनेक ॲप निरोपाचे भाषांतर करून देतात, आणि बोलणेही नोंदीत राहते. दुसऱ्या चॅटवर या, असे कुणी म्हटले तर जाऊ नये.

भाड्यात एक्सप्रेसवेचा टोल धरलेला असेलच असे नाही. चालकाने टोलनाक्यावर सुटे पैसे मागितले तर ती फसवणूक समजू नये. टोल वेगळा असतो का, हे बुकिंगच्या पडद्यावर आधीच पाहता येते. मागणी वेगळी असेल, म्हणजे राइड रद्द करून तेवढेच पैसे रोख द्या अशी असेल, तर मात्र ठाम नकार द्यावा. भाडे तेच असले तरी नोंद जाते, आणि अपघात झाला, फोन गाडीत राहिला किंवा वाद झाला तर दाद मागायला काही उरत नाही. कधी चालक येतच नाही आणि प्रवाशाने रद्द करावे म्हणून थांबून राहतो. अशा वेळी पडद्याचे चित्र जतन करून रद्द करताना तेच कारण नोंदवावे. काही पर्यटनस्थळी स्थानिक टॅक्सीवाल्यांचा ॲपच्या गाड्यांना विरोध असतो. बालीतल्या काही गावांत तसे फलकही लावलेले असतात. तिथे वाद न घालता उजेडाच्या, वर्दळीच्या जागी थोडे चालत जाऊन गाडी मागवावी. आई-वडील किंवा लहान मुले बरोबर असतील तर हे चालणे आधीच हिशेबात धरावे.

दुचाकी टॅक्सी स्वस्त आणि कोंडीत वेगवान असते, पण हेल्मेटशिवाय बसू नये, आणि आपला प्रवासविमा दुचाकीवरचा अपघात धरतो की नाही हे निघण्यापूर्वी वाचावे.

राइड सुरू होताच प्रवासाचा दुवा घरच्या एकाला पाठवावा. बुकिंग नोंदीत असताना चालक वाट बदलून नेत असेल तर ॲपमधले आपत्कालीन बटण दाबावे. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, नेहमीच्या पोलिसांचा १९१ आणि रुग्णवाहिकेचा १६६९ आहे. डिकी उघडत नाही अशी वेळ आली तर हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या माणसाला बाहेर बोलवावे आणि ११५५ लावावा. लेखिकेने यातले काहीच केले नाही, कारण क्रमांक तिला तेव्हा माहीत नव्हता. प्रवास संपल्यावर पावती, गाडीचा नंबर आणि तारीख एकत्र ठेवावी. काही ॲप बुकिंगच्या वेळी कार्डावर अंदाजे रक्कम रोखून धरतात आणि प्रत्यक्ष भाडे नंतर वजा होते, त्यात बँकेचे परकीय चलनाचे शुल्कही मिसळते. म्हणून परतल्यावर महिनाभर कार्डाचे विवरण पावत्यांशी ताडून पाहावे आणि प्रवासापुरते सुरू केलेले परदेशी व्यवहार बंद करावेत.