खारवलेले मांस आणि जिवाणू

गोव्याचे चोरिस किंवा युरोपातील सलामी फ्रीजशिवायही बरेच दिवस टिकते, याचे पुष्कळांना नवल वाटते. ताजे मांस एका दिवसात नासते, मग हे का नासत नाही? याचे उत्तर मीठ, सोरा आणि जिवाणू यांच्यात दडलेले आहे.

मांसाच्या खिम्यात अनेक प्रकारचे जिवाणू असतात. सलामी करताना त्यात साधारण अडीच ते तीन टक्के मीठ घालतात. मिठामुळे जिवाणूंना मिळणारे पाणी कमी होते. मांस कुजवणारे जिवाणू त्यामुळे मागे पडतात. दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद असलेले लॅक्टोबॅसिलस मात्र हे मीठ सोसतात. ते साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि मांस आंबट व घट्ट होते. काळ्या मिरीतील मँगनीजमुळे त्यांचे काम आणखी जोमाने चालते. चोरिसमध्ये तर सुरुवातीलाच व्हिनेगर घालतात, त्यामुळे आंबटपणासाठी जिवाणूंची वाट पाहावी लागत नाही.

सोऱ्याची गोष्ट निराळी आहे. सोरा म्हणजे नायट्रेट. त्याचा स्वतःचा प्रभाव थोडा. स्टॅफिलोकॉकस जातीतील काही निरुपद्रवी जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि खरे काम हे नायट्राइट करते. मात्र या जिवाणूंना आम्ल मानवत नाही. आंबण्याची क्रिया फार वेगाने झाली तर ते थंडावतात. म्हणून आता पुष्कळ कारखाने थेट नायट्राइटच वापरतात.

नायट्राइटमुळे मांसाला गुलाबी रंग येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक जिवाणूची वाढ रोखली जाते. हवेशिवाय वाढणारा हा जिवाणू अत्यंत जहाल विष तयार करतो. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावात खारवलेले हॅम खाऊन वादकांचा एक ताफा आजारी पडला व तिघे दगावले. त्या हॅममधूनच व्हॅन एर्मेंगेम यांनी हा जिवाणू शोधून काढला. पुरेसे मीठ असेल तर हे विष तयार होत नाही, हेही त्यांनी दाखवले.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. नायट्राइटपासून मांसात आणि पोटात नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्ये तयार होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

तेव्हा वाचकांनी पुढील पथ्ये पाळावीत :

१) घरी मांस खारवताना सोरा किंवा नायट्राइट अंदाजाने घालू नये. नायट्राइट जास्त झाल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व जीव धोक्यात येतो.

२) त्याचबरोबर मीठ वा व्हिनेगर मनाने कमी करू नये.

३) चोरिस नीट शिजवूनच खावे. बुळबुळीत झालेले किंवा दुर्गंधी येणारे मांस फेकून द्यावे. मात्र वास चांगला आहे म्हणजे विष नाही, असे समजू नये.

४) खाल्ल्यानंतर पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, गिळताना अडचण येणे किंवा बोबडी वळणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

सणासुदीला चवीपुरते खाणे वेगळे आणि रोजच्या डब्यात सॉसेज देणे वेगळे. हा फरक विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत विसरू नये.