आठ जीबीचा हिशेब

प्रश्न : जव्हारच्या आमच्या संगणक केंद्रात १६ जीबीच्या लिनक्स संगणकावर प्रत्येकी ४ जीबीची दोन व्हर्च्युअल मशीन चालतात. तरी मेमरी भरलेली का दिसते?

उत्तर : बेरीज आठच, म्हणून गळतीचा संशय येतो. पण आधी ‘फ्री’ कमांडमधला ‘अव्हेलेबल’ रकाना पाहा. लिनक्स मोकळी मेमरी फायलींच्या कॅशेला देतं आणि गरज पडताच बहुतेक परत घेतं. व्हर्च्युअल डिस्क ही मुख्य संगणकाच्या लेखी बहुधा एक फाइलच, त्यामुळे तोच मजकूर आत आणि बाहेर दोनदा साठतो. व्हर्च्युअल मशीन क्यूईएमयू या प्रणालीवर चालत असतील, तर तिच्यात डिस्कची कॅशे ‘नन’ केली की बाहेरची प्रत टळते. मग मशीन रखडतं ते का, असं विचाराल. ‘व्हीएमस्टॅट’ कमांडमध्ये स्वॅपची (मेमरी आणि डिस्क यांमधली) ये-जा सतत दिसली, तर दोष बहुधा मेमरीचा. झेडएफएस ही फाइल प्रणाली वापरत असाल, तर तिची कॅशे मात्र ‘यूज्ड’मध्येच मोजली जाते, त्या कॅशेला मर्यादा घाला.