ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दिव्यांतील बिघाड : शोध व दुरुस्ती

मुळशी तालुक्यातून तांदूळ, पेंढा किंवा भाजीपाला घेऊन निघालेली ट्रॉली पौड, पिरंगुट, भूगाव या मार्गाने पुण्याकडे येते, तेव्हा चांदणी चौक ओलांडताच तिला कोथरूडचा उतार लागतो. भरलेली ट्रॉली उतारावर एकाएकी थांबवता येत नाही. ती कोणत्या बाजूस वळणार, हे मागून येणाऱ्या चालकास रात्री केवळ दिव्यांवरूनच समजते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ट्रॉली ओळखू येण्यास दोन सेकंदांचा विलंब झाला, तरी तेहतीस मीटर रस्ता हातचा जातो.

वाहने व त्यांचे दिवे विहित मानकांस उतरतात किंवा नाही, याची चाचणी घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. कोथरूडलगतच्या वेताळ टेकडीवर तिच्या प्रयोगशाळा आहेत. परंतु कारखान्यातून निर्दोष निघालेले दिवे चिखलणीच्या एका हंगामानंतरही तसेच राहतील, याची हमी कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही. ती काळजी मालकानेच घ्यावयाची असते. सुदैवाने या कामास महागडी हत्यारे लागत नाहीत. क्रमाने शोध घेण्याची सवय मात्र लागते.

विजेचा मार्ग

बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, स्विच व तार यांतून बल्बपर्यंत जाते. तेथून ती वाहनाच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परत येते. या परतीच्या मार्गास अर्थिंग म्हणतात. जाण्याचा व परतण्याचा असे दोन्ही मार्ग अखंड असतील, तरच दिवा लागतो. दिवा लागला नाही की पुष्कळ जण प्रथम बल्ब बदलतात. वस्तुतः चिखल, पाणी व हादरे यांत वावरणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये दोष बहुधा सांध्यात किंवा अर्थिंगमध्ये असतो. गंजलेल्या सांध्यात केवळ २ व्होल्ट खर्ची पडले, तरी बल्बला १२ ऐवजी १० व्होल्ट मिळतात व साध्या बल्बचा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो.

तपासणीचे साहित्य

१२ व्होल्टचा एक लहान बल्ब, त्याचा होल्डर व दोन लांब तारा एवढ्यावर चाचणी-दिवा तयार होतो. याशिवाय टोकांना चिमटे लावलेली एक जाड तार, पॉलिश पेपर, पक्कड व योग्य अँपिअरचे जादा फ्यूज जवळ असावेत. व्होल्टमीटर असल्यास उत्तम. इंजिन बंद असताना पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा.

लक्षणांवरून दोषाचा शोध

१. सर्व दिवे मंद असणे : प्रथम बॅटरीची टर्मिनले पाहावीत. त्यांवर पांढरा-हिरवट थर जमला असल्यास ती काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावीत, कोरडी करून घट्ट बसवावीत व वरून व्हॅसलिन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. इंजिनाचा वेग वाढवताच दिवे उजळत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिला पुरेसा भार मिळत नाही, असे समजावे.

२. एकच दिवा न लागणे : बल्बची तार तुटली आहे काय ते पाहावे. बल्ब चांगला असल्यास स्विच चालू ठेवून चाचणी-दिव्याचे एक टोक स्वच्छ सांगाड्यास व दुसरे होल्डरच्या मधल्या टोकास लावावे. चाचणी-दिवा लागला, तर वीज तेथपर्यंत पोहोचते आहे. मग जाड तारेने होल्डरचे कवच थेट बॅटरीच्या ऋण टोकास जोडावे. असे करताच मूळ दिवा उजळला, तर दोष अर्थिंगचाच होय. चाचणी-दिवा मुळीच न लागल्यास तारेच्या मार्गाने स्विचकडे मागे जात प्रत्येक सांधा तपासावा.

३. इंडिकेटर दोन्ही बाजूंस न लागणे : दोन्ही बाजूंस सामाईक असलेले भाग म्हणजे फ्यूज, फ्लॅशर व स्विच होत. शोध तेथूनच सुरू करावा. एकाच बाजूचा इंडिकेटर बंद असेल, तर फ्लॅशर बहुधा निर्दोष असतो.

४. इंडिकेटर अतिजलद लुकलुकणे किंवा नुसताच लागून राहणे : त्या बाजूचा एक बल्ब गेल्याचे हे नेहमीचे चिन्ह आहे. इंडिकेटर मिनिटास ६० ते १२० वेळा लुकलुकावा, असे मानक आहे. फ्लॅशर ठराविक भारासाठी बनवलेला असतो. २१ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर ३.५ अँपिअर प्रवाह घेतात. ट्रॉलीचा तिसरा बल्ब जोडला की हा प्रवाह ५.२५ अँपिअर होतो. म्हणून ट्रॉलीसह चालणारा फ्लॅशर त्या भाराचाच घ्यावा. याउलट साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवल्यास प्रवाह फार कमी होतो व बल्ब गेल्यासारखीच गडबड दिसते. तेव्हा एलईडीस अनुरूप फ्लॅशर बसवावा.

५. ब्रेक दाबताच इंडिकेटर मिणमिणणे, किंवा इंडिकेटरबरोबर मागचा दिवाही लुकलुकणे : दोन दिवे परस्परांत मिसळू लागले, की अर्थिंग तुटल्याची शंका प्रथम घ्यावी. परतीचा नेहमीचा मार्ग बंद झाल्याने वीज शेजारच्या बल्बमधून वाट काढते. येथे बल्ब बदलून काहीही लाभ होत नाही.

६. फ्यूज वारंवार जाणे : तारेचे आवरण निघून ती सांगाड्यास टेकत असावी. बिजागरी, हिच व मडगार्डची कड येथे तार घासते. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहिला तर उंदीरही तारा कुरतडतात. जोडलेले दिवे एकामागून एक सोडवावेत. ज्या दिव्याची तार सोडवल्यावर फ्यूज टिकतो, त्याच्याच मार्गात दोष शोधावा.

ट्रॉलीचा जोड

ट्रॉलीच्या दिव्यांसाठी बहुधा सात खुंट्यांचा जोड असतो. चिखल व पाणी शिरून खुंट्या काळ्या पडतात. त्या कोरड्या करून पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासाव्यात, आणि जोड सुटा असताना त्याचे झाकण लावून ठेवावे. काही ठिकाणी अर्थिंगची तार वाचवून हिचच्या खिळीवरच भिस्त ठेवली जाते. ही पद्धत सदोष आहे. खिळीवर वंगण व गंज असतो, आणि ओढ बदलली की तिचा स्पर्शही बदलतो. म्हणून अर्थिंगची स्वतंत्र जाड तार ओढावी व ट्रॉलीचे लोखंड रंग खरवडून चकचकीत केलेल्या जागी ती बोल्टने आवळावी. आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावावे.

दक्षता

फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा अधिक अँपिअरचा फ्यूज कदापि घालू नये. दोष तसाच राहून तार तापते, तिचे आवरण वितळते, आणि ट्रॉलीत पेंढा भरलेला असल्यास ठिणगीसही मोठी आग लागते. तारांच्या कामापूर्वी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे व काम संपल्यावर ते शेवटी जोडावे. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वालाग्राही असल्याने तिच्याजवळ विडी वा काडी ओढू नये.

निघण्यापूर्वीची तपासणी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसेच पुरेसा उजेड नसेल तेव्हा, वाहनाचे दिवे लावणे बंधनकारक आहे. अंधार पडल्यावर रस्त्याच्या कडेला दोष शोधणे कठीण व धोक्याचे असते. यास्तव ही तपासणी घरीच, दिवस असतानाच करावी. एकाने ट्रॅक्टरवर बसावे व दुसऱ्याने ट्रॉलीमागे उभे राहावे. पुढील दिवे, मागील तांबडे दिवे, ब्रेकचे दिवे, डावा व उजवा इंडिकेटर हे क्रमाने लावून पाहावेत. ब्रेक दाबलेला असताना दोन्ही बाजूंचे इंडिकेटर पुन्हा एकदा तपासावेत, म्हणजे अर्थिंगचा लपलेला दोष उघड होतो. शेवटी काचा व परावर्तकांवरील चिखल ओल्या फडक्याने पुसावा. या साऱ्यास पाच मिनिटे पुरतात. एखादा दिवा लागला नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत ट्रॉली रस्त्यावर काढू नये.