गुंगीच्या सुईआधी डोळ्याचा विचार

आमच्या बंड्याचा उजवा डोळा उलटीमुळे गेला, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. "अहो, कुत्र्यांना उलटी होतेच की," असंच शेजारीही म्हणाले होते. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

बंड्या पग जातीचा. या जातीचे डोळे खोबणीतून पुढे आलेले असतात, त्यामुळे ओरखडा लवकर बसतो. अंगणातल्या गुलाबाचा काटा लागला आणि दोन-तीन दिवसांत जखम चिघळून खोल गेली. दवाखान्यात तो डोळ्याला हात लावू देईना, म्हणून गुंगी आणणाऱ्या झायलाझिनचं इंजेक्शन दिलं गेलं. जनावरांच्या दवाखान्यात हे औषध सर्रास वापरतात. काही मिनिटांत उलटीची उबळ सुरू झाली. बंड्या पाठ कमानीसारखी करून ओकत राहिला, आणि तो थांबला तेव्हा जखमेच्या जागी तपकिरी फुगा दिसत होता. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, फुटून आतला रंगीत पडदा बाहेर आला होता.

पुढे नेत्रतज्ज्ञ पशुवैद्यांनी कारण समजावून सांगितलं. डोळ्यात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि निचरून जातो. त्यावर तिथला दाब ठरतो. निरोगी कुत्र्यात तो साधारण 10 ते 25 मिलिमीटर पारा इतका असतो. ओकताना पोट आणि छाती आवळली जाते, डोक्याकडून परतणारं रक्त शिरांत तुंबतं आणि हा दाब एकदम चढतो. धडधाकट डोळा ते सोसतो. खोल जखमेने कागदासारखा पातळ झालेला कॉर्निया सोसू शकत नाही. झायलाझिन स्वतः दाब वाढवतंच असं नाही, मांजरांत आणि सशांत तर तो उतरल्याचंही दिसलं आहे. घात करते ती उलटी. उपाशी ठेवल्यानेही हा धोका टळत नाही, कारण औषध मेंदूतल्या उलटीच्या केंद्रालाच चाळवतं आणि रिकाम्या पोटीही उबळ येते. मेडेटोमिडीन, डेक्समेडेटोमिडीन ही त्याच घराण्यातली औषधं, आणि मॉर्फिनचाही हाच गुण आहे.

केटामिन आणि प्रोपोफॉल या भुलीच्या औषधांची गोष्ट वेगळी. केटामिनने डोळ्याभोवतीचे स्नायू ताठ राहतात आणि नेत्रगोलावर दाब पडू शकतो. प्रोपोफॉलने कुत्र्यांत दाब चढल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. भूल उथळ असताना श्वासनलिकेत नळी घातली आणि जनावर खोकलं, तरी तेच होतं. श्वास मंदावून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला तरी दाब वाढतो. याचा अर्थ ही औषधं वाईट, असा मुळीच नाही. शहाणा डॉक्टर त्यांची जोडी, मात्रा आणि क्रम जुळवून घेतो. उलटी न आणणारे पर्याय आहेत, ब्युटोरफॅनॉल त्यातलाच एक. मॅरोपिटंट आधी वेळेवर दिलं तर उलटी बरीचशी रोखता येते. मात्र हे सगळं डोळ्याची अवस्था आधी माहीत असेल तरच सुचतं, आणि माझं कळकळीचं म्हणणं तेवढंच आहे.

तेव्हा जनावराच्या डोळ्याला जखम असेल, काचबिंदूचं औषध चालू असेल किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर सुई टोचण्याआधी ते तोंडाने सांगा, मग काम नखं कापण्याचं असो की दात साफ करण्याचं. "याने उलटी होईल का?" हे विचारायला संकोच करू नका. गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा घाला. पट्टा ओढला की मानेवर ताण येतो आणि डोळ्यातला दाब वाढतो, हे मोजून पाहिलेलं आहे. रक्त मानेच्या शिरेऐवजी पायातून घेता येईल का, तेही विचारा. गुंगीत डोकं खाली लोंबकळू देऊ नका. घोड्यांत तर उभ्याने गुंगी दिल्यावर मान खाली जाते आणि तेवढ्यानेच दाब चढतो. काचबिंदूची शंका असेल तर शक्यतो गुंगी न देता दाब मोजून घ्या, कारण औषधाखाली आलेला आकडा फसवा असू शकतो. भुलीत अश्रूही कमी होतात, म्हणून धड असलेल्या डोळ्यातही मलम घालायला सांगा.

डोळा लाल, पाणावलेला किंवा अर्धवट मिटलेला दिसला, तर बाकीची कामं पुढे ढकला आणि त्याच दिवशी डोळा दाखवा.