कोणते मेश्राम?

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात माझा छोटा छापखाना आहे. दिवाळीपासून झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं, उन्हाळ्यात लग्नपत्रिका, वर्षभर झेरॉक्स. 22 वर्षं काउंटरच्या या बाजूला उभा राहून जे शिकलो, ते लिहितो आहे.

1. आमच्याकडे आडनावाने कुणाचं समाधान होत नाही. मेश्राम गोंडांत आहेत. तेलंगणातल्या केसलापूरची नागोबाची जत्रा त्या मेश्रामांचीच. मेश्राम आम्हा बौद्धांतही आहेत. म्हणून नवं गिऱ्हाईक विचारतं, "कोनते मेश्राम?" "वडश्याचे" म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असतो, "मामा कोन्या गावचा?" जात हा शब्द तोंडातून न काढता तीन प्रश्नांत माणूस आमच्या चुलीपर्यंत पोचतो. आता मी पहिल्याच प्रश्नाला सरळ सांगून टाकतो. त्यानंतर कोण पाणी घेतं आणि कोण "आत्ताच पिऊन आलो" म्हणतं, ते माझ्या लक्षात राहतं.

2. पत्रिकेत जात लिहावी लागत नाही. वर 'श्री गणेशाय नमः' आहे, 'नमो बुद्धाय' आहे की 'जय सेवा'? मुलगी 'चि. सौ. कां.' आहे की 'आयुष्मती'? तेवढ्यात सगळं कळतं. "आम्ही जातपात मानत नाही" म्हणणारेही निमंत्रकांची यादी देतात, तेव्हा चाळीस नावांत एकही नाव बाहेरचं नसतं.

3. एक वडील आले. गाव इकडचं, नोकरी नागपूरला. बुद्धाच्या चित्राच्या तीनशे पत्रिका हव्या होत्या, आणि "ऑफिससाठी" वेगळ्या पन्नास. या पन्नासांवर नुसती फुलं. वरची ओळ नको, 'आयुष्मती'च्या जागी 'कु.', आडनावही नको, फक्त मुलीचं आणि बापाचं नाव. दोन्ही गठ्ठे त्यांनी दोन पिशव्यांत भरले. पन्नासांच्या पिशवीला गाठ मारली, पुन्हा सोडली, एकेक पत्रिका उलटून पाहिली. इकडची एखादी तिकडे गेली असती तर? असे लोक दर हंगामात येतात. गणपती काढून दुसरी पत्रिका छापा म्हणणारा मात्र आजवर एकही भेटला नाही. लपवावं कुणाला लागतं, हे मला त्या गाठीने शिकवलं.

4. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. चांगलं केलं. पत्रिकांवर समतानगर, क्रांतीनगर येऊ लागलं. मांडव कुठे म्हणून विचारलं तर वाट सांगणारा अजून जुनंच नाव घेतो.

5. पत्रिकेतून आडनाव काढायला लावणारेच मुलाच्या जात पडताळणीसाठी कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल घेऊन येतात. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. पणजोबाच्या नावापुढे जात लिहिलेला तो कागद इतका जीर्ण असतो, की झेरॉक्सच्या काचेवर मी तो दोन्ही हातांनी ठेवतो. यात कुणी ढोंग शोधलं तर मला संताप येतो. हक्क मागताना जात सांगावीच लागते, आणि खोली मागताना सांगितली तर खोली मिळत नाही.

6. खोलीचं मी स्वतः भोगलं आहे. 2001 मध्ये छपाई शिकायला नागपूरला होतो. घरमालकीण म्हणाली, "मेश्राम म्हणजे गोंड ना?" मी मान हलवली. आठ महिने तिथे काढले. मधे एकदा बाबा भेटायला आले, पिशवीत नवे तांदूळ आणि लाखोरीची डाळ. शर्टाच्या खिशाला बाबासाहेबांचा बिल्ला, नेहमीसारखा. 16 ऑक्टोबर 1956 ला माझे आजोबा वडशाहून छोट्या रेल्वेगाडीने चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, जाऊन बाबासाहेबांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते. त्यांच्या मुलाला तो बिल्ला काढून ठेवा असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? खोलीला कुलूप आहे, किल्ली मालकिणीकडे राहिली, असं सांगितलं. बसस्टँडच्या बाकावर डबा उघडून आम्ही दोघं जेवलो. हात पुसायला रुमाल काढला, तेव्हा त्याच्याबरोबर किल्ली खाली पडली. बाबांनी ती उचलून माझ्या हातात दिली, विचारलं काहीच नाही. संध्याकाळच्या गाडीत चढताना ते मोठ्याने म्हणाले, "जय भीम, बेटा." मी आधी इकडेतिकडे पाहिलं.