चिली करायचीय ना? मग आधी मिरच्यांचं बोलू

अगं, ऑफिसातल्या चिली कुक-ऑफमध्ये, म्हणजे चिली करायच्या स्पर्धेत, नाव दिलंस हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! टेक्ससात नवी नवी आलीस आणि इथल्या माणसांच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या पदार्थाला थेट हात घातलास. १९७७ साली इथल्या विधिमंडळाने ठराव करून चिलीला राज्याचं अधिकृत पक्वान्न ठरवलं, एवढा तिचा मान. शेजारच्या टेबलावरचा माणूस तुझी चिली आधी चमच्याने ढवळून आत काय काय आहे ते बघेल आणि मगच तोंडात घालेल. म्हणून तू कृतीच्या आधी सामानाबद्दल विचारलंस, ते अगदी बरोबर केलंस.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. टेक्ससची चिली म्हणजे सुक्या मिरच्यांच्या दाट वाटणात सावकाश शिजलेलं मांस. कांदा थोडा कमी पडला, जिरं जरा जास्त झालं, तरी निभून जातं. मिरची शिळी किंवा चुकीची निघाली, तर मग कशानेही चव सावरत नाही. तेव्हा वेळ, पैसे आणि लक्ष, तिन्ही मिरच्यांवर खर्च कर.

सगळ्यात पहिली धोक्याची सूचना. दुकानात चिली पावडर लिहिलेली बाटली दिसेल, ती आपलं तिखट नव्हे बरं का. तिच्यात मिरचीबरोबर जिरं, ओरेगानो, लसणाची पूड आणि बहुतेक वेळा मीठही असतं. न्यू ब्राउनफेल्समधल्या विल्यम गेभार्ट या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात अशी पूड विकायला सुरुवात केली, कारण मेक्सिकोहून येणाऱ्या आंचो मिरच्या तेव्हा बारा महिने मिळत नसत. अमेरिकन कृतीत चार मोठे चमचे चिली पावडर लिहिलेली असते ती ही. तिच्याऐवजी इंडियन स्टोअरमधलं लाल तिखट चार चमचे घातलंस, तर कुणाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आणि तू तर बाटली आणूच नकोस. अख्ख्या मिरच्या आण. वाटण घालायची तुझ्या हाताला सवय आहे, ती इथे उपयोगी पडेल.

एच-ई-बी या इथल्या सुपरमार्केटात किंवा कुठल्याही मेक्सिकन दुकानात सुक्या मिरच्यांचा एक वेगळा कोपराच असतो. तिथे तीन नावं शोध: आंचो, ग्वाहीयो आणि आर्बोल. आंचो म्हणजे पिकवून सुकवलेली पोब्लानो मिरची. रुंद, सुरकुतलेली, काळपट तपकिरी. तिखटपणा बेताचा, पण तिच्यात गोडसर, मनुकांच्या जवळ जाणारा वास असतो आणि वाटण दाट करायला गर असतो. चिलीचा पाया हीच. ग्वाहीयो लांबट, गुळगुळीत, गडद लाल. ती रंग देते आणि किंचित आंबूस चव. आर्बोल बारीक आणि झणझणीत. तीन पाउंड मांसाला, म्हणजे सुमारे १.४ किलोला, सहा आंचो, चार ग्वाहीयो आणि दोन आर्बोल असं प्रमाण धर. ऑफिसात सगळ्या तऱ्हेचे लोक खाणार, तेव्हा आर्बोल दोनच ठेव. चिलीत मिरची भरपूर लागते, पण तिने तोंड पोळायला हवं असं नाही. आपल्याकडे मिरची म्हटली की आधी तिखटाचा विचार होतो. इथे मिरचीची चव आधी आणि तिखट मागाहून.

निवडताना मात्र आपली सवय आडवी येते, ते नीट ऐक. आपण उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्या कडकडीत वाळवतो, हातात घेऊन हलवली की आत बी खुळखुळलं पाहिजे, तरच ती कुटायला चांगली. आणि मऊ मिरची लागली की आपण म्हणतो, ओल धरली, नको. आंचोचं बरोबर उलटं. ती खजुरासारखी लवचिक असली पाहिजे. पाकिटावरूनच अंगठ्याने दाबून बघ. वाकली, पुन्हा सावरली, तर ताजी. पापडासारखी मोडली, तर ती कित्येक महिने तिथेच पडून आहे आणि तिचा वास केव्हाच उडून गेलाय. पाकीट उजेडापुढे धर. कडेला लालसर झाक दिसली पाहिजे. तळाशी बारीक भुगा जमलाय किंवा सालीला सुईएवढी भोकं आहेत, म्हणजे कीड लागलीय. देठापाशी पांढरट बुरशी असेल तर तेही पाकीट परत ठेव. घरी आणल्यावर फोडून नाकाशी ने. वास भरभरून आला पाहिजे. धुळीचा आला तर सरळ परत कर, दुकानं घेतात.

आता वाटण. देठ कात्रीने काप, पोट उभं चिर, बिया झटकून टाक. कोरडा तवा मध्यम आचेवर ठेवून मिरची पसरट दाब, एकेका बाजूला दहा-पंधरा सेकंद, बस. वास सुटला, रंग किंचित बदलला की उचल. काळी पडली तर ती टाकून दे, तिच्याकडे बघून हळहळू नकोस. एक करपलेली मिरची अख्खं पातेलं कडू करते. मग कढत पाण्यात अर्धा तास भिजत घाल. वाटायला घेण्याआधी ते पाणी बोटाने चाखून बघ. गोडसर असेल तर त्यातलंच वापर, कडवट असेल तर ओतून टाक आणि साधं पाणी घे. तुझा भारतातून आणलेला मिक्सर बाहेर काढ. त्याचं चटणीचं छोटं भांडं इथल्या मोठ्या ब्लेंडरपेक्षा हे काम कितीतरी चांगलं करतं, कारण कमी पाण्यातही गंधासारखं बारीक वाटलं जातं. ग्वाहीयोची साल चिवट असते, तेव्हा वाटण चाळणीतून दाबून गाळ. कंटाळा करू नकोस. जिभेवर सालीचे कपटे आले की खाणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं.

मांसाचं म्हणशील तर इथे चक म्हणून गाईच्या खांद्याचा भाग वापरतात, कारण त्यात चरबी आणि चिवट तंतू दोन्ही असतात. हे तंतू मंद आचेवर दोन-तीन तासांत विरघळतात आणि रस्सा ओठांना किंचित चिकटेल असा होतो. पण तुमच्याकडे बीफ चालत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावरून मुळीच मन लहान करू नकोस. या टेक्ससचाच माणूस, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला लिंडन जॉन्सन, त्याला चिली आवडायची ती हरणाच्या मांसाची. त्याच्या पेडर्नालेस नदीकाठच्या चिलीची कृती मागणारी इतकी पत्रं यायची की त्याच्या बायकोने, लेडी बर्ड जॉन्सनने, ती कार्डांवर छापूनच घेतली होती. शिकारीचं हरीण दुकानात मिळत नाही, पण थंडीच्या मोसमात शिकारीला जाणारा एखादा सहकारी आनंदाने आणून देतो. ते मांस फार कोरडं असतं, तेव्हा तेल सढळ घाल. माझं मत विचारशील तर तू बोकडाचं मटण घे. दक्षिण टेक्ससात करडाचं मांस पिढ्यान्‌पिढ्या खातात, त्यामुळे यात उसनं काही नाही. हलाल दुकानात खांद्याचा भाग सांग, हाडं काढून अर्ध्या-पाऊण इंचाचे तुकडे करून माग. चिली चमच्याने खातात, तिच्यात हाड आलं की पंचाईत होते. खिमा मात्र नको, तो शिजून रवाळ होतो आणि मिरचीचा रस त्याला धरत नाही.

तुमच्या टीममधल्या शाकाहारी मुलींसाठी वेगळ्या भांड्यात मोठे मश्रूम आणि पिंटो बीन्स याच वाटणात शिजव. स्पर्धेत तिला कुणी चिली मानणार नाही, पण मुली पोटभर जेवतील.

बीन्सवरून आठवलं. मांसाच्या चिलीत राजमा, पिंटो, काही म्हणजे काही घालायचं नाही. चिलीच्या टेक्ससातल्या मोठ्या स्पर्धांच्या नियमातच ते बसत नाही. १९६७ साली टर्लिंग्वा या पाऱ्याच्या खाणी बंद पडून ओसाड झालेल्या गावात टेक्ससचा विक फाउलर आणि बाहेरून आलेला लेखक एच. ऍलन स्मिथ यांच्यात चिलीचा सामना झाला. तो सुटला बरोबरीत, पण अजून दर नोव्हेंबरात तिथे माणसं पातेली घेऊन जमतात. बीन्स हवेच असतील तर वेगळे शिजवून शेजारी ठेव. टोमॅटोचं एवढं कडक नाही. जॉन्सनच्या कृतीतही तो आहे. पण मिरच्या चांगल्या असतील तर तुला त्याची गरज पडणार नाही, आणि घातलासच तर एखादाच. रस्सा मिरचीने लाल झालेला बरा.

आणि बाई गं, गरम मसाल्याचा डबा त्या दिवशी उघडूसुद्धा नकोस. आलं नको, धणे नकोत, दालचिनी-लवंग नको, वरून खोबरं तर नकोच. आपला रस्सा मला प्राणप्रिय आहे, पण ही त्याची बहीण नव्हे. हिला लागतं जिरं, लसूण, कांदा आणि मेक्सिकन ओरेगानो. जिरं अख्खं भाजून ताजं कुट, सपाट एक मोठा चमचा. ओरेगानो घेताना पाकिटावर मेक्सिकन लिहिलंय ना ते बघ. पिझ्झ्यावरचा ओरेगानो पुदिन्याच्या कुळातला, हा त्या कुळातलाच नाही. याचा वास जरा उग्र आणि लिंबाकडे झुकणारा. एक चहाचा चमचा, तळहातावर चोळून.

करायला सोपं आहे. मांस कागदाने कोरडं टिपून घे, जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगलं तापव आणि थोडं थोडं करून तुकडे खरपूस परत. एकदम सगळं ओतलंस तर पाणी सुटतं आणि मांस परतायच्या ऐवजी उकडतं. ते काढून त्याच तेलात एक मोठा कांदा, मग सहा पाकळ्या लसूण, मग जिरं. आता वाटण घाल आणि ते तेल सोडेपर्यंत परत. हे मी तुला शिकवायला नको, तुझ्या आईच्या हाताखाली तू हेच बघत मोठी झालीस. मांस परत घाल, चार कप पाणी, मीठ, ओरेगानो, आणि झाकण अर्धवट ठेवून मंद आच. कुकर लावू नकोस. लवकर शिजेल हे खरं, पण पाणी आटत नाही आणि रस पातळ राहतो. मटण असलं तरी दोन तास दे, अधूनमधून तळापासून हलव.

शेवटच्या वीस मिनिटांत दोन मोठे चमचे मासा हारिना थोड्या पाण्यात कालवून लाव. हे मक्याचं पीठ खरं, पण मका चुन्याच्या पाण्यात शिजवून केलेलं, म्हणून त्याला एक वेगळाच खमंग वास असतो. घरातलं मक्याचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर याच्या जागी चालत नाही. मासा हारिना नसेल तर मक्याचे दोन टॉर्टिया बारीक वाटून घाल. मग चव बघ. कडवट वाटली तर सुपारीएवढा गूळ, बोथट वाटली तर अर्ध्या लिंबाचा रस.

आणि ही आदल्या दिवशीच कर. मी राहते त्या सॅन अँटोनियोत एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन घरांतल्या बायका संध्याकाळी मिलिटरी प्लाझावर कंदील लावून चिली विकायच्या. चिली क्वीन्स म्हणायचे त्यांना. घरी शिजवून आणायच्या आणि चौकात मेस्कीटच्या लाकडाच्या जाळावर गरम ठेवायच्या. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा ठेला लागला होता, तोवर गावाचं नाव या बायकांनीच गाजवलं होतं. पुढे आरोग्य खात्याच्या नियमांनी त्यांचे ठेले बंद पाडले, याचं मला आजही वाईट वाटतं. बायकांच्या हातांनी घडवलेला पदार्थ आहे हा, तू बिनधास्त कर. रात्रभर फ्रिजमध्ये मुरली की मिरची आणि मांस एकजीव होतं, शिवाय वर गोठलेली जादा चरबी सकाळी चमच्याने सहज निघते.

सकाळी चिली घरीच नीट उकळून घे, मग ऑफिसात स्लो कुकर नुसत्या गरम राहण्याच्या बटणावर ठेव. शेजारी चिरलेला कांदा, हालापेन्यो मिरचीच्या चकत्या, किसलेलं चीज, खारी बिस्किटं आणि फ्रिटोज या मक्याच्या चिप्सची पाकिटं. मटण आहे अशी चिठ्ठी ठळक अक्षरांत लाव, म्हणजे ज्यांना चालत नाही त्यांची अडचण होणार नाही.

शनिवारी सामान आणायला गेलीस की मला व्हिडिओ कॉल कर. आंचोचं पाकीट वाकवून दाखव, घ्यायचं की नाही ते मी सांगते.